चारशे सतरा नंबरची खोली

तेहतीस वर्षं ती मागच्या दारानं यायची,
केळीच्या वाफ्यांकडच्या, मासळीची गाडी लागते त्या.
आज पुढून आली आणि फिरत्या दारात अडकली.
एक अख्खा फेरा मारून पुन्हा रस्त्यावर,
दुसऱ्या फेऱ्याला दरवानानं कोपराला धरून आत ओढली.

मी काउंटरवर होतो. रात्रपाळी माझीच असते.
विचारलं, नाव?
म्हणाली, तुला काय झालंय, दुआर्ते?
म्हटलं, नियम आहे, सांगा.
हसू दाबत म्हणाली, इदालिना फ्रेइताश.
पत्ता?
कामारा दि लोबुश, होड्यांच्या वरची गल्ली.
येण्याचं कारण?
इथं जरा थांबली. मग म्हणाली,
लिही, धुणं.

निवृत्त होताना मालकांनी तिला एक रात्र दिली होती,
चौथा मजला, समुद्राच्या अंगाची खोली,
जिथं इंग्रज म्हातारे अख्खा हिवाळा काढतात
आणि निघताना सांगतात, अशी झोप कुठं लागत नाही.
तिनं त्या झोपेचा फक्त मळ पाहिला होता:
वाइन, लिपस्टिक, औषधाचे पिवळे डाग,
एकदा अभ्र्यात राहिलेला दात,
एकदा कुणाचं तरी पत्र. ते तिनं इस्त्री करून परत पाठवलं होतं,
शाई सगळी धुऊन गेलेली.

सामान म्हणजे एक पिशवी. पिशवीत घरचा टॉवेल.
म्हटलं, आमचे टॉवेल चांगले असतात हो.
मला नको सांगूस, म्हणाली.

साडेअकराला फोन: एका माणसाला सहा उशा?
साडेबाराला: हा दिवा बंद कुठून होतो?
दोनला पुन्हा. या वेळी आवाज निराळा.
खाली धुण्याला कोण आहे आज?
युलेइसी, म्हटलं. नवी आहे. काराकासहून परत आलेल्यांतली,
तुमच्या लुर्देशची नात.
तिला सांग, दुसऱ्या यंत्राचं बेअरिंग गेलंय.
इथं ऐकू येतंय मला.
भिंतीतून. नळातून. पलंगाच्या पायांतून.

मग बराच वेळ फोनवर नुसता तिचा श्वास.

चारशे सतराची तक्रार आम्हाला तोंडपाठ होती.
दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, रात्री भिंत घुमते.
दर वर्षी साहेब खाली जाऊन विचारायचे,
आणि दर वर्षी ही कमरेवर हात ठेवून:
चार मजले वर? समुद्र असेल. नाहीतर वय झालं असेल त्यांचं.
एका डॅनिश बाईंना तर मीच
कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला होता.

दुआर्ते, ती डॅनिश बाई.
हो.
खरं बोलत होती रे.

म्हटलं, तीनशे दोन रिकामी आहे, खोली बदलून देतो.
नको, म्हणाली.
यंत्र तरी बंद करायला सांगू?
आत किती चादरी आहेत?
खाली विचारलं. चाळीस.
मग होऊ दे. भिजलेलं अर्ध्यात काढू नये, वास धरतं.
आणि थोड्या वेळानं, मला नव्हे, भिंतीलाच जणू:
खाली असलं की नुसता आवाज असतो.
इथून कळतं, कुणीतरी जागं आहे.

तीनला दहा कमी असताना घुमणं थांबलं असावं.
बाहेर सिगारेट ओढायला गेलो होतो, वर पाहिलं,
चारशे सतराचा दिवा विझला. बटण सापडलं होतं तर.

सकाळी युलेइसी चादरी काढायला गेली
आणि तशीच खाली येऊन मला विचारू लागली,
या खोलीत कुणी झोपलं होतं का नक्की?
चारी कोपरे दुमडलेले, सुरकुती नाही,
उशांवर उशा, सहाच्या सहा.
फक्त बाथरूमच्या दांडीवर एक टॉवेल,
ओला, घरचा, निळ्या काठाचा,
विसरलेला की धुवायला टाकलेला, कळेना.

धुऊन ठेवलाय. अजून न्यायला आलेली नाही.